काळी भाजी

४ डिसेंबर

आज कळमन्याच्या धान्यबाजारात एकाचा गळा फाटता फाटता वाचला. ट्रकवाला होता, जबलपूरकडचा. मी तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन राहिलो होतो, तर हसून म्हणाला, "अबे काडीपहिलवान, धीरे! हवा से उड़ जाएगा!" हातात आकडा होता, पोत्यात खुपसायचा. सरळ त्याच्या गळ्याशी नेला. मुकादम मधे पडला म्हणून. नाहीतर आज मी आत असतो आणि तो वर.

राग गेला.

गालात तांदूळ आहेत, कच्चे. फाटक्या पोत्यातून मूठभर खिशात टाकायचे, दिवसभर करकर करकर. लोक तंबाखूचा खर्रा खातात, मी हे. सोडून पाहिलं, जमत नाही. पावसाळ्यात तर ओल्या मातीचा वास आला की भिंत चाटावीशी वाटते! हे कोणाला सांगायचं नाही.

७ डिसेंबर

नंदनवनला बहिणीकडं गेलो. मेघाताईला सातवा महिना. तिच्यासाठी रायपूरचं काम सोडून आलो — म्हणजे सोडणारच होतो, तिचा फोन हे निमित्त. कुठं टिकतच नाही मी. इटारसीला स्टेशनवर पाणी विकलं, इथं नागपुरात बर्डीच्या बाजारात मोबाईलची कव्हरं, रायपूरला ढाबा. बसलो की पाय ओढतात, आतून कोणी दोरी ओढल्यासारखे. उठून चालावंच लागतं.

बाबांनी ताईचं नाव टाकलं आहे. पिंटूशी लग्न केलं म्हणून. आमच्या घरात देव्हारा नाही, त्यांच्या घरात बुद्धाचा फोटो नाही, एवढ्यावरून दोन्हीकडून तोंडं फिरली. पिंटूच्या आईनं, सुभद्रामावशीनं, शेवटी घरात घेतलं. का घेतलं देव जाणे. माझा तिच्यावर विश्वास नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. आमची ताई — जिला मटणाचं हाड चोखल्याशिवाय रविवार पुरा व्हायचा नाही — ती आता पालापाचोळा खाते.

पिंटूचा कूलरचा कारखाना आहे घराखालीच. कारखाना कसला, एक शेड. हिवाळाभर कूलरच्या बॉड्या ठोकून ठेवायच्या, उन्हाळ्यात विकायच्या. सगळीकडं लोखंडी पत्रा, लोखंडाचा चुरा. चपलेत चुरा, चादरीवर चुरा.

ताईची नखं पाहिली. पांढरी.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. चेहरा नीट आठवत नाही. हात आठवतो. नखं अशीच होती.

ताईसाठी संत्र्यांची पिशवी नेली होती, आंबिया बहाराची, मस्त, सालीतून तेल उडत होतं. सुभद्रामावशीनं पिशवी घेतली आणि तशीच शेजारणीच्या हातात दिली! "थंड असते गा संत्रं. पोटातल्या लेकराले सर्दी होते." नागपुरात राहून संत्रं थंड! माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. ताईनं हात धरला. "संघ्या, बस. चहा घे."

चहा घेतला. दोघांनी. तिला माझ्यासोबतचा चहा आवडतो.

९ डिसेंबर

दवाखान्यातून ताईचा रक्ताचा रिपोर्ट आणायला निघालो होतो. मेट्रो दिसली. चढलो. बर्डीला उतरलो, पुन्हा चढलो, खापरीपर्यंत गेलो. बसायला जागा होती तरी उभाच. वरून शहर पाहत राहिलो — गच्च्यांवर टाक्या, टाक्यांवर कावळे. एका गच्चीवर दोन बाया एकमेकींच्या झिंज्या धरून. शेवट पाहता आला नाही, गाडी पुढं गेली!

रिपोर्ट राहिला.

१० डिसेंबर

आणला. हिमोग्लोबिन साडेसात. बाजूला लाल बाण, खाली टोक असलेला.

पिंटू म्हणाला, "गोळ्या तं रोज चालू आहेत गा. भाजीपाला चालू आहे. चणे-गूळ चालू आहे. मंग काहून उतरून राहिलं?"

मी म्हटलं, "मलेच इचारून राहिला? घर तुमचं, चूल तुमची."

घरभर लोखंड आणि बाईच्या अंगात नाही! चोर आहेत साले. ताटात काहीतरी खोट आहे. पकडीन एक दिवस.

१३ डिसेंबर

खोलीच्या भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही.

१५ डिसेंबर

आता रोज दुपारी नंदनवनला जातो. कळमन्याच्या टपरीचा चहा थर्मासमध्ये भरून, अद्रक जास्त, दूध कमी, कडक. ताईचं जेवण झालं की दोघं गॅलरीत पितो. मावशीला म्हटलं, माझ्या बहिणीला घरच्यासारखं काहीतरी मिळू द्या. ताई दोन पेले पिते. म्हणते, "तू आला की जेवल्यासारखं वाटते." म्हणजे जेवणानं वाटत नाही! मी समजायचं ते समजलो.

आज म्हणाली, "तुहे ओठ काहून पांढरे पडले संघ्या?" मी म्हटलं, थंडी आहे.

१८ डिसेंबर

लिहिताना हात वळत नाही. उजव्या अंगठ्याला सूज आहे.

आज जेवणाच्या वेळेआधी पोचलो. मुद्दाम. ताई खाली बसली होती, पुढं ताट. ज्वारीची भाकर आणि भाजी. भाजी काळी! काळी म्हणजे डांबर. पातळ, काळी, वर चार शेंगदाणे. कढई शेजारीच होती, तीही काळी, कितीक पिढ्यांची, जाड. मी विचारलं, हे काय आहे? मावशी म्हणाली, "आंबाडी." मी काय आंबाडी पाहिली नाही? आंबाडी हिरवी असते! शिजवली की जरा मळकट होते, पण हे? जळलेलं, शिळं, कढईच्या बुडाचं खरवडून माझ्या बहिणीला! ताई म्हणाली, "नाई गा, इथं अशीच होते —"

अशीच होते! पोटुशी बाईला जनावराचं खाणं, आणि ती म्हणते अशीच होते. तिला बोलायची चोरी आहे असं वाटलं मला.

ताट लाथेनं उडवलं. भाजी भिंतीवर. मावशी किंचाळली. पिंटू वर धावत आला, हातात पत्रा कापायची कात्री होती. ती त्यानं दारात टाकली, हे मला आता आठवते. तेव्हा नाही दिसलं. त्यानं माझी गचांडी धरली, मी त्याच्या पोटात गुडघा घातला. ताई "नाका करू, नाका करू" ओरडत होती. तो मला भिंतीला दाबून राहिला, मला श्वास पुरेना. नेहमीच पुरत नाही हल्ली. हाताला कढई लागली. उचलली, मारली. भुवईवर. असा आवाज झाला की खालचा कुत्रा भुंकला.

रक्त किती निघतं भुवईतून! डोळ्यात, तोंडात, बनियनवर. लाल, दाट. मला पाहवेना आणि नजरही हटेना. कढई फरशीवर पडली, एक कान तुटला.

पिंटूनं शिवी दिली नाही. भिंत धरून बसला आणि म्हणाला, "आई, मेघाले आत ने."

मी पळालो. जिना उतरताना अंधारी आली, दोन वेळा बसलो.

१९ डिसेंबर

पोलीस आले नाहीत. ताईचा फोन आला. "टाके पडले. दवाखान्यात त्यानं सांगितलं का पत्रा लागला. तुहं नाव नाई घेतलं. आता येऊ नोको तू." ठेवला.

२० डिसेंबर

बर्डीत गेलो, व्हरायटी चौकाजवळ. चकचकीत पॅन घेतला, आतून गुळगुळीत, झाकणासकट. ऑटोवाल्याच्या हाती ताईकडं पाठवून दिला. त्यात शिजवा म्हणावं हिरवी भाजी.

त्यानंतर जत्रेतल्यासारखं गाणं वाजत होतं एका दुकानात, तिथंच तासभर उभा राहिलो. दुकानदारानं विचारलं, काही घ्यायचं आहे का? त्याच्याशीही भांडलो.

२८ डिसेंबर

ताईची तपासणीची तारीख होती. मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभा होतो. नुसतं पाहून निघून जाणार होतो. ऑटोतून तिघंही उतरले. पिंटूची भुवई जांभळी, शिवलेली. मला वाटलं आता मारेल. मी तयारच होतो — मारलं तर बरंच झालं असतं! मावशीनं पाहिलं आणि म्हणाली, "आला आहेस तं पिशवी धर. माह्या हाताले रग लागली." धरली.

डॉक्टरीणबाई चिडक्या आहेत. रिपोर्ट पाहिला. सात. सातवर आलं! टेबलावर पेन आपटलं. "गोळी घेत नाही तुम्ही."

"घेते ना म्याडम," ताई म्हणाली. "मळमळते मनून आई चहासोबत देते."

"चहासोबत?"

"आणि क्यालशमची पण त्याच्याच संग," मावशी म्हणाली. "म्हणजे इसरत नाई."

बाईंनी डोळे मिटले. मग एकेक विचारलं. जेवणावर काय पिता? चहा. सकाळी? चहा. लिंबू? नाही. संत्रं? "थंड असते," मावशी म्हणाली, पण आवाज लहान झाला होता. दुपारी? ताईनं माझ्याकडं पाहिलं. "दुपारी भाऊ आणते. थर्मासमधी. कडक." सगळे माझ्याकडं. मी पिशवीकडं.

बाईंनी जे सांगितलं ते मला असं समजलं. मटणातलं लोह म्हणजे वस्तीतल्या दादाचा भाचा. कोणी अडवत नाही, सरळ आत. भाजीतलं, चण्यातलं, ज्वारीतलं लोह म्हणजे परगावचं पोरगं — एकटं, भित्रं, अनोळखी मोहल्ल्यात आलेलं. आतड्याच्या दारापर्यंत कसंतरी पोचतं. तिथं चहा उभा. कॉलर धरतो, दोन ठेवून देतो, उचलून बाहेर. धान्याच्या, चण्याच्या सालपटातही असाच एक गुंड असतो, तो पाय धरतो. चणे रात्रभर भिजवले, मोड आणले की त्याची पकड ढिली होते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर ती दारात आडवी होते. म्हणजे ताई रोज खात होती आणि रोज पोटात दंगा होऊन सगळं लोह मार खाऊन परत जात होतं!

आणि लिंबू, आवळा, संत्रं — हे त्या पोराचे दोस्त. खांद्यावर हात टाकून आत नेतात. चहासुद्धा मग जरा मागं सरतो. पण जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा दिसलाच नाही पाहिजे.

मग बाई म्हणाल्या, "भाजी कशात करता?"

पिंटू म्हणाला, "लोखंडाची कढई होती म्याडम. आंबाडी काळी व्हायची त्याच्यात."

"चांगलं होतं की! आंबट भाजी कढईतलं लोखंड ओढून घेते, म्हणून काळी होते. ती का सोडली?"

मला वाटलं जमीन फाटावी.

"सोडली नाई," पिंटू म्हणाला, "अर्धं लोखंड माह्या कपाळात गेलं, बाकीचं पलंगाखाली ठेवलं आहे."

ताई हसली. दवाखान्यात, सात हिमोग्लोबिन घेऊन, पोट धरून हसली. मला रडू आलं, म्हणून मी बाहेर येऊन फाटकाला लाथ मारली.

३० डिसेंबर

थर्मास फोडला. मनपाच्या कचऱ्याच्या डब्यावर आपटून आपटून. आतली काच लई बारीक असते. चांदीसारखी उडाली.

२ जानेवारी

पिंटूनं बोलावलं. कढईचा कान बसवायचा होता. "तू तोडला, तू धरशील." मी सांडशीनं कढई धरली, तो रिबिट ठोकत होता. हातोडा माझ्या बोटांपासून वीतभर. प्रत्येक घावाला वाटलं, आता चुकेल. मुद्दाम चुकेल. मी असतो तर चुकलो असतो!

"हालवू नोको बे. बोट जाईन."

"मी नाई हालवून राहिलो. आपोआप हालते."

त्यानं हातोडा ठेवला, माझा हात धरला. "इतका थंडा काहून आहे तुहा हात? मुडद्यावानी."

"थंडी आहे."

त्यानं पुन्हा हातोडा उचलला. शेवटचा घाव इतका नेमका बसला की मला त्याची भीती वाटली. नव्या पॅनमध्ये त्यांनी नट-बोल्ट ठेवले आहेत.

९ जानेवारी

घरात लढाई चालू आहे. ताईचं डोकं चहावाचून फुटून राहिलं. आज तिनं पेला फेकला माझ्यावर. कानाजवळून गेला. "तूच लावली सवय, तूच तोड आता! सोपं वाटते तुले!" मावशी तिच्या हातातून डबा हिसकते. चहापत्ती देव्हाऱ्यात लपवली आहे, देवामागं. म्हणते, तिथं तं तू हात लावत नाई!

मावशी आता पक्की झाली आहे. चणे भिजतात, मोड येतात. भाजीवर लिंबू पिळते ते असं की लिंबानं तिचं काही वाईट केलं आहे. संत्री मी आणतो. ती सोलते, पांढरे धागे काढते, ताईच्या तोंडात कोंबते. "गिळ." मी म्हटलं, मावशी, थंड नाही का? तिनं मला सालीचा फवारा मारला डोळ्यात. आग आग झाली!

मला जेव म्हणाली. मी नाही जेवलो. त्या घरात ताट उडवलं आहे मी. बाहेर येऊन टपरीवर चहा-टोस्ट खाल्ला. माझं जेवण तेच असतं बहुतेक.

२१ जानेवारी

दवाखान्यात सलाईनमधूनही लोह दिलं. आणि आज रिपोर्ट — साडेनऊ! बाण अजून लाल आहे, पण लहान वाटतो. ताईच्या नखांत गुलाबी आलं. मी धरून पाहिलं, दाबून पाहिलं, सोडलं की गुलाबी परत येते.

आईच्या वेळी कोणी चिडलं असतं तर!

३० जानेवारी

कळमन्यात पोत्याखाली पडलो. पाय दुमडले. तो मुकादम सगळ्यांपुढं म्हणाला, "नुसता आवाज आहे याच्यात, इंजन नाई." उठून त्याच्या तोंडावर मारली. लागली नाही नीट. त्यानं मात्र एकच ठेवून दिली, मी तांदळाच्या ढिगावर. काम गेलं.

पडल्या पडल्या दोन दाणे तोंडात टाकले. सवय!

इटारसीची गाडी पकडावी वाटली. पाय पुन्हा ओढून राहिले. पण ताईची तारीख जवळ आली आहे. तिचं झालं की जाईन.

८ फेब्रुवारी

ताईला पहाटे कळा सुरू झाल्या. दुपारी पोरगी झाली. रडली जोरात, सगळ्या वॉर्डानं ऐकलं. मावशी नाचायची बाकी होती.

मग नर्स पळाली. मग दुसरी. रक्त थांबत नाही म्हणाले. दारातून मला एक बादली दिसली. त्या बादलीबद्दल मी लिहिणार नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातमोजे लाल. म्हणाल्या, थांबवतो आहोत, पण रक्त चढवावं लागेल. "आधीचं सात असतं तर आत्ता मी तुमच्याशी बोलत नसते. नऊ-दहा होतं म्हणून वेळ मिळाला." रक्तपेढीतून पिशव्या आणल्या आहेत, बदल्यात घरच्यांनी द्या, लवकर.

मी पिंटूला मागं ढकललं. माझी आहे ती! त्याच्याआधी माझी आहे. त्यानं गचांडी धरली, मी त्याचा हात पिरगळला. पेढीच्या दारात दोघं. आतली बाई ओरडली, "भांडायचं तर बाहेर!"

मी बाही वर केली. म्हटलं, घ्या. किती पाहिजे तेवढं घ्या. लई आहे माझ्यात. उतू जाऊन राहिलं.

९ फेब्रुवारी

रक्त घ्यायच्या आधी बोटातून एक थेंब काढतात. निळं पाणी असते एका भांड्यात. त्यात सोडतात. चांगलं रक्त असलं तर बुडते.

माझा तरंगला.

पेढीतल्या बाईनं दुसऱ्या बोटातून काढला. तोही तरंगला. तिनं माझी पापणी ओढून पाहिली. "पाय शांत राहतात का तुझे, झोपताना? माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खातो का? अंगात लोह कमी असलं की असंच होतं." मी खिशातून मूठ काढली आणि टेबलावर उघडली.

पिंटूचा थेंब सरळ तळाशी गेला. तो झोपला, बाही वर, भुवईवर माझा व्रण. पिशवी भरत गेली.

ताई शुद्धीवर आहे. पोरीची नखं गुलाबी.

मावशीनं आज डबा माझ्यापुढं उघडला. वर अख्खं लिंबू पिळलेलं. "बस. चहा मागशील तं पाहजो."

काळी भाजी. पहिल्यांदा खाल्ली.